ताट डावीकडं, पाय उजवा

नाय, बूट काढू नका. आत नाय यायचं, पडवीतच काय ते बोलू — श्रुतिका झोपलीय. झोपली नसली तरी झोपलीय असंच समजा. आणि सरिता, चहा टाकू नको गो! हे पाहुणे नाय, विमानवाले हायत, तुझ्या लेकीचे मास्तर, लगेच निघणार हायत. — त्या खुर्चीत नका बसू. ती सोडून कुठं पण बसा, पायरीवर बसा, उभे राहा, मला काय त्याचं. भोरकडनं घाट उतरून आलात ना? मग वाघजाईचं देऊळ सोडल्यावर वारा लागला असेल बाजूनं. लागला? ढकललंन ना गाडीला? तुमच्या एवढ्याशा गाडीला ढकलतो, माझ्या मागं तर ताडपत्रीचा डोंगर असतो. अठ्ठावीस वर्षं हा मुरारी त्या वळणावरनं सहाचाकी नेतोय — महाडच्या कारखान्यातली पिंपं वर न्यायची, वरनं कांदा-बटाटा खाली आणायचा, पावसात घाट बंद करतात तेवढे महिने सोडले तर रोजचं हाय हे. तेव्हा वारा काय असतो ते मला शिकवायला येऊ नका.

आता मी विचारतो, तुम्ही सांगा. तीन दिवस तुम्ही शेजारी बसून तिला आडव्या वाऱ्यात विमान उतरवायला शिकवत होतात आणि तीन दिवस तिला जमत नव्हतं — हे मला माहीत हाय, कसं माहीत ते विचारू नका. चौथ्या दिवशी सकाळी दोनदा बरं जमलं, तर दुपारी तुम्ही खाली उतरलात, दार लावलंत आणि म्हणालात, जा, आता एकटी. एकटी! एप्रिलची दुपार, तिकडं देशावरचं उघडं रान, झाड नाय, डोंगर नाय, आणि माझी पोरगी वर एकटी. काय म्हणता? खांबावरची ती कापडाची पिशवी लोंबत होती? वारा नव्हताच? मग विमान उलटं फिरवलं कोणी, तुमच्या पिशवीनं? वारा काय तुमची परवानगी घेऊन सुटतो होय. आमच्याकडं नवीन ड्रायवरला सहा महिने घाटात एकट्याला सोडत नाय कोणी, आणि तुम्ही — राहू दे. कपाळाला पाच टाके पडले तिच्या. डोळा दोन बोटांनी वाचला. मी हॉस्पिटलात आलो तेव्हा तुम्ही दाराशी उभे होतात, हात पुढं केलात, मी धरला नाय. आज पण धरणार नाय.

फोन उचलत नाय म्हणता ती? नाय उचलणार. कशी उचलेल, फोन माझ्या खिशात हाय. हा काय. अकरा दिवस माझ्याच खिशात हाय. तुमचे एकोणीस फोन आले, मी वाजू दिले. का म्हणजे? बाप हाय मी.

कागद? कसला कागद? द्या इकडं, वाचता येतं मला, सातवी झालीय माझी. — हं. 'विमान टेकल्यावर वाऱ्यामुळे तोंड डावीकडे वळले. विद्यार्थिनी घाबरली. तिचे नियंत्रण सुटले.' घाबरली? कोण घाबरली? हे असलं कोणी लिहिलं, तुम्हीच ना, स्वतःची मान सोडवायला? — खाली सही? — थांबा. हे अक्षर — सहीतला हा 'श्रु' असा पोटातनं वळवलेला तीच काढते. तिनंच लिहून दिलं? हॉस्पिटलात, मी यायच्या आधी? आणि हे असंच वर गेलं तर काय होतं? — बंद? एकटीनं उडवायचं बंद, म्हणजे लायसन पण नाय, म्हणजे सगळंच बंद. पंख वाकला तो नवा बसेल, शेरा नाय बदलणार. बरं. आणि तुम्हाला हे पटलेलं नाय म्हणून तुम्ही एवढा घाट उतरून आलात. वा. मोठे उपकार झाले.

पण एक सांगतो, ती घाबरणारी नाय. दोन वर्षांमागं दिवाळीच्या सुट्टीत माझ्याबरोबर गाडीवर होती, वाघजाईच्या वरच्या अंगाला रस्त्यात दगड आलेले, पुढं जायला वाट नाय, वळवायला जागा नाय. माझा खांदा धरलेला, हात उचलत नव्हता. हिनं भरलेला टेम्पो मागं घेतला, देवळापर्यंत, उलटा, दरीच्या कडेनं! मी खाली उतरून दुसऱ्या हातानं दाखवत होतो, तर तोंडानं वाघजाईचा धावा करत होतो. तिचा चेहरा असा, भाजी निवडायला बसल्यासारखा. ती पोरगी घाबरेल? आणि मन लावून शिकत होती हो. शिमग्याला चार दिवस आलेली, तर ह्याच खुर्चीत — म्हणून म्हटलं बसू नका — ह्याच खुर्चीत बसायची, हातात स्टेरिंग म्हणून जेवायचं स्टीलचं ताट, पायाखाली पेडल म्हणून माझ्या दोन चपला, डोळे मिटून. डावीकडनं वारा — ताट डावीकडं, पाय उजवा. उजवीकडनं वारा — ताट उजवीकडं, पाय डावा. दिवसभर तेच. पालखी दारात यायची होती, अंगणात पन्नास माणसं जमलेली, ढोल वाजतायत, तरी हिचं चालूच. आमचा हैबती म्हणाला, मुरारी, तुझी पोरगी घुमायला लागली की काय! सगळे हसले. मी पण हसलो. मी म्हटलं, अगो, वाऱ्यानं तोंड डावीकडं गेलं तर चाक उजवीकडं फिरवायचं की अजून डावीकडं? दरीत घालशील एखाद्या दिवशी! तर सगळ्यांसमोर म्हणते कशी, पप्पा, विमान जमिनीवर स्टेरिंगनं वळत नाय, पायानं वळतं. हातातलं पंखांसाठी असतं. वाऱ्याकडचा पंख उचलला जाऊ नये म्हणून त्याच बाजूला दाबून ठेवायचं. तुम्हाला नाय कळणार ते. — मला! माझ्या अंगणात, पालखीच्या माणसांसमोर! अठ्ठावीस वर्षं स्टेरिंग धरलेल्या माणसाला. हैबती किती दिवस चिडवत होता मग, रस्त्यात भेटला की ओरडायचा, मुरारी, पायानं वळव रे!

तर ती घाबरली नाय. घाबरलेला माणूस मी बघितलाय, घाटात किती बघितलेत. घाबरलेला हात सोडतो, नायतर नुसता ब्रेकवर उभा राहतो. हिनं हात सोडले? तुम्हीच आता म्हणालात, तुम्ही खालनं बघत होतात, स्टेरिंगनं हलते ती पंखाच्या मागची पट्टी पार टोकापर्यंत उलटी गेलेली, आणि तशीच राहिली. मग? घाबरलेल्याचा हात असा राहतो? तिनं दोन्ही हातांनी स्टेरिंग उजवीकडं फिरवलं आणि पक्कं धरून ठेवलं, जराही सोडलं नाय, सांगितलं तसं —

काय बघताय?

कोणी सांगितलं म्हणजे? कोणी नाय. तुम्हीच सांगितलं असेल. — तुम्ही तर उलटंच शिकवलेलं, माहीत हाय मला, ताट डावीकडं. उगाच बघू नका माझ्याकडं असं. सरिता, तू आत जा. — जा म्हणतो ना.

दुपारी फोन केला होता तिनं. तुमच्या त्या पत्र्याच्या शेडमागनं. म्हणाली, पप्पा, आता सर एकटीला सोडणार हायत. तीन दिवस हातपायांचा घोळ होतोय, सकाळी जमलं, पण सर शेजारी होते. रडली नाय, आवाज तेवढा बारीक झालेला. मी टेम्पो बिरवाडीच्या नाक्यावर उभा केलेला, वडापाव खात होतो. काय सांगायला पाहिजे होतं मी? मास्तर सांगतात तसं कर, एवढंच ना? दोन शब्द. पण मी म्हटलं, ऐक माझं, ते पायाबियाचं सोड. गोंधळ त्यानंच होतोय. तोंड डावीकडं गेलं की स्टेरिंग उजवीकडं, दोन्ही हातांनी, आणि सोडायचं नाय. वाघजाईच्या वळणावर तुला शिकवलंय तेच. गाडी ती गाडी. ती म्हणाली, पप्पा, पण सर — मी म्हटलं, सर गेले खड्ड्यात. बाप कोण हाय तुझा? — आणि सांगू? मला बरं वाटलं. तिनं विचारलं मला, तुम्हाला नाय, ह्याचं बरं वाटलं. हैबतीला सांगेन म्हटलं. वडापाव दुसरा घेतला मी.

चाळीस तास तुमच्याबरोबर, आणि माझं एक वाक्य. तिनं माझं ऐकलं. तुमचं पाठ होतं तिचं, झोपेत पण पाठ होतं, तरी वेळ आली तेव्हा माझं ऐकलं — असं काय करतात का पोरं?

ती मला काय बोलली नाय. अकरा दिवस. आईला म्हणाली वारा होता, शेजाऱ्यांना म्हणाली वारा होता. माझ्या पुढ्यात जेवते, भाकरी वाढते, पाणी देते, आणि एकदा पण म्हणाली नाय की पप्पा, तुम्ही. आणि कागदावर काय लिहिलं तर घाबरली. बापाचं नाव झाकायला स्वतःला भित्री लिहून दिलं पोरीनं! ओरडली असती तर बरं झालं असतं, ताट फेकून मारलं असतं तरी चाललं असतं मला. परवा निघते म्हणाली, सर वाट बघत असतील, बॅग भरली. मी म्हटलं जायचं नाय. मी म्हटलं तो मास्तर नालायक हाय, तुला मारून टाकेल. ती बघत राहिली माझ्याकडं, मग बॅग ठेवून आत गेली. तुम्हाला शिव्या देत होतो ना इतके दिवस, तेवढा वेळ बरं चाललेलं माझं.

पेन हाय? द्या. नाय, तुम्हीच लिहा, माझं अक्षर नाय चालायचं सरकारी कागदावर. ते 'घाबरली' खोडा. आधी खोडा, माझ्यासमोर. आता लिहा — बाप, मुरारी, टेम्पो ड्रायवर, राहणार वरंध, यानं फोनवर चुकीचं सांगितलं. पोरगी घाबरली नव्हती. पोरीनं बापाचं ऐकलं. लिहिलं? इथं सही करतो. नायतर अंगठा पण उठवतो. तिनं पण सही करायला पाहिजे? करेल. मी सांगेन तिला. — नाय, मी काय नाय सांगणार तिला, तुम्ही सांगा. माझं सांगणं झालं तेवढं पुरे झालं.

श्रुतिका! बॅग घे, बाहेर ये. आवर, घाटात ऊन हाय तोवर निघा. — हे बघा साहेब, तुम्ही मला अजून पण आवडलेले नाय. एवढ्या वाऱ्यात तिला एकटीला सोडलंत ते मी विसरणार नाय, आणि परत ह्या दारात येऊ नका. नेताय तर नीट न्या. तिच्या पायांवर नजर ठेवा, पाय तिचे हायत, हात माझे हायत, ती खोड निघायला वेळ लागेल. आणि हा घ्या, तिचा फोन. ह्यात 'पप्पा' म्हणून एक नंबर हाय. रविवारी उचलू दे, सणावाराला उचलू दे. विमानात बसायच्या दिवशी तो नंबर वाजला ना, तर उचलू देऊ नका तिला. किती पण वाजला तरी.

जा आता.