पाटावरचं पिस्तूल आणि शुभदाचा फोन

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या मंडळाचे माननीय अध्यक्ष श्री. शशिकांत राजवाडे, व्यासपीठावर विराजमान झालेल्या सत्कारमूर्ती सौ. शुभदा आणि त्यांचे यजमान श्री. कुमार, कार्यकारिणीचे सर्व सन्माननीय सदस्य, बॉनहून, कोलोनहून रविवारची झोप मोडून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि मागच्या रांगेत जर्मनमध्ये कुजबुजणाऱ्या आमच्या लेकरांनो! तुम्हाला मराठी सगळं कळतं हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा फोन खाली ठेवा आणि ऐका.

अध्यक्षांनी मला आग्रहानं बोलायला लावलं, त्याबद्दल त्यांची मी ऋणी आहे. माईक हातात देताना ते हळूच म्हणाले, "लतिकाताई, जरा गोड बोला." आता मी किती गोड बोलते ते त्यांनाही माहीत आहे आणि तुम्हालाही. तरी प्रयत्न करते.

शुभदाबद्दल काय बोलावं? नव्यानं आलेल्या किती विद्यार्थ्यांना तिनं पत्ता नोंदवायला आनमेल्डुंगच्या रांगेत सोबत केली असेल! मुलांचा रविवारचा मराठीचा वर्ग तिनं चालवला. मुलं उत्तरं जर्मनमध्ये द्यायची, ही पुन्हा मराठीतच विचारायची, आणि कधी चिडली नाही. मी असते तर एकेकाचा कान पिळला असता. आता ती गार्चिंगला एका संशोधन संस्थेत चालली आहे. मोठी जागा आहे, मानाची आहे. शुभदा, तुझं मनापासून अभिनंदन.

झालं गोड बोलून. आता मला सांगा, गेल्या दसऱ्यापासून या बाईशी या हॉलमधली किती माणसं धड बोलली आहेत? दिवाळीच्या फराळाला ती ताट घेऊन उभी होती आणि तिच्या टेबलावर कुणी बसायला तयार नव्हतं. आज गुच्छ घेऊन आलात, आनंद आहे. पण माणूस निघाल्यावर गुच्छ द्यायचा आणि होता तेव्हा पाठ फिरवायची, याला काय म्हणायचं? गार्चिंगची जागा चांगली आहेच हो. पण इथं सगळं जमलेलं असताना तिला दुसरीकडे अर्ज करावासा का वाटला, हा प्रश्न आपण आपल्याला विचारणार की नाही?

शशिकांतराव घड्याळ बघताहेत. बघा, बघा. मी थांबणार नाही.

जे नवीन आहेत त्यांना काय घडलं ते माहीत नाही, किंवा भलतंच माहीत आहे. म्हणून सरळ सांगते. कुमारला आणि शुभदाला विचारून सांगते आहे. त्यांच्या मुलाला, वेदांतलाही विचारलं. तो जर्मनमध्ये "या, ओके", म्हणजे हो, चालेल, म्हणाला. एवढंच म्हणाला, पण माझ्याकडे बघून म्हणाला.

कुमार आपला नेमबाज. गावातल्या शुत्सनफेराइनचा, म्हणजे नेमबाजीच्या क्लबाचा, जुना सभासद. माझा नवरा मोहनही त्याच क्लबात आहे, तो बघा दुसऱ्या रांगेत, आता खाली मान घालून बसलाय. परवाना रीतसर, पिस्तूल रीतसर, घरात लोखंडी कपाट रीतसर. इथला कायदा कडक आहे. हत्यार कपाटात, कुलूप लावून, आणि सरकारी माणूस न सांगता येऊन बघून जातो. कुमारच्या कपाटात कधी काडीची चूक सापडली नव्हती.

आणि मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आपण काय करतो? पाट मांडतो. लॅपटॉप ठेवतो, गाडीची किल्ली ठेवतो, स्क्रू ड्रायव्हर ठेवतो, झेंडू वाहतो, हळदकुंकू लावतो. कुमार म्हणाला, आपल्याकडे खरं शस्त्र असताना स्क्रू ड्रायव्हरची कसली पूजा करायची? त्यानं पिस्तूल काढलं आणि पाटावर मधोमध ठेवलं. आम्ही सगळे गेलो होतो. फोटो काढले, 'वा कुमार, शोभतंय' म्हणालो, शिरा खाल्ला. आणि पूजा एकदा मांडली की दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत पाटावरची वस्तू हलवायची नाही, ही आपली रीत. म्हणून पिस्तूल तिथंच राहिलं. सकाळी परत ठेवायचंच आहे म्हणून कपाटही लोटून ठेवलेलं. गोळ्या कपाटात. इतकी वर्षं सरकारच्या माणसाला जे सापडलं नाही, ते आपण देवाच्या नावानं स्वतःच्या हातानं उघडं केलं.

सकाळी शुभदा फुलं काढायला गेली तर पाटावर लॅपटॉप आहे, किल्ली आहे, पिस्तूल नाही. कपाटातल्या गोळ्याही कमी. आणि पंधरा वर्षांचा वेदांत शाळेला गेलेला.

वेदांतनं असं का केलं? माझ्या निहारचं नाव घेते, कारण ते घ्यायलाच हवं. निहार आणि त्याच्या दोन मित्रांनी वेदांतचा रडतानाचा व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. कित्येक दिवस त्याच्यावर हसणं चाललं होतं. माझा मुलगा काही गुणांचा पुतळा नाही. त्याला मी त्यावरून जे सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण व्हिडिओ हा व्हिडिओ आणि पिस्तूल हे पिस्तूल. चिडलेलं पोर दार आपटतं, भिंतीवर मूठ मारतं. हाताशी पिस्तूल असलं तर पिस्तूल उचलतं. पोरं सगळीकडे तशीच असतात, त्यांच्या हाताशी काय ठेवायचं ते आपण ठरवतो.

कुमार म्हणाला, "थांब शुभदा. पोलिसांना कळलं तर परवाना जाईल, नागरिकत्वाचा अर्ज अडकेल, पोराच्या नावावर कायमचा डाग लागेल. मी जातो शाळेत. मी आणतो त्याला." बाप म्हणून तो काही वाईट बोलला नाही. तुमच्यातले किती जण वेगळं बोलले असते?

शुभदा म्हणाली, "तू जा. मी फोन करते."

आणि तिनं पोलिसांचा एकशे दहा नंबर लावला. म्हणाली, माझ्या मुलाकडे भरलेलं पिस्तूल असू शकतं. शाळेचं नाव सांगितलं, वर्ग सांगितला, जॅकेटचा रंग सांगितला. स्वतःच्या पोटच्या पोराचं वर्णन पोलिसांना द्यायचं, आणि तेही जर्मनमध्ये, कुठं अडखळायचं नाही!

शाळेच्या व्यायामशाळेच्या मागे वेदांत निहारसमोर उभा होता. पिस्तूल निहारच्या छातीवर धरलेलं. निहारनं मला नंतर सांगितलं, "आई, पिस्तुलावर कुंकू लागलेलं होतं." पोलीस आले. त्यातल्या एका बाईनं वेदांतला नावानं हाक मारली, शांतपणे, घरच्यासारखी. त्यानं पिस्तूल जमिनीवर ठेवलं. गोळी सुटली नाही. कुमार शाळेबाहेर अजून गाडी लावायला जागा शोधत होता आणि इकडे सगळं संपलेलं होतं. फोन झाला नसता, तर काय संपलं असतं?

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मुलांच्या कोर्टात वेदांत उभा राहिला, त्यानं सगळं कबूल केलं, वृद्धाश्रमात काम करण्याची शिक्षा मिळाली. ती पुरी झाली तरी तो अजून तिथं जातो, आजोबांना पेपर वाचून दाखवतो. कुमारचा परवाना गेला, नागरिकत्वाचा अर्ज लोंबकळला. आणि आपण? आपण ग्रुपवर मूग गिळून बसलो, आणि फोनवर मात्र एकमेकांना म्हणालो, "अशी कशी आई? स्वतःच्या पोरावर पोलीस घातले! घरातल्या घरात मिटवता आलं नसतं का?"

अहो, घरातल्या घरात काय मिटवणार होतात? माझ्या निहारला?

मी स्वतः तिला विचारलं होतं. मला माझं पोर परत मिळालं होतं, तरी विचारलं. म्हटलं, "शुभदा, पोलिसांनी वेदांतला गोळी घातली असती तर?" ती भांडी घासत होती. वळली नाही. म्हणाली, "लतिका, तोच विचार करत फोन लावला. नाही केला तर तुझा निहार जाईल. केला तर कदाचित माझा वेदांत जाईल. मी पोलिसांना सांगितलं, त्याला नावानं हाक मारा, ओरडू नका, तो घाबरट आहे, ऐकेल. त्याचं नाव त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं, नीट येईपर्यंत. याच्या पलीकडे माझ्या हातात काही नव्हतं." मग म्हणाली, "नळ बंद कर ना, माझे हात ओले आहेत." मी नळ बंद केला आणि दोघी तिथंच ओट्याला टेकून रडलो.

ही ती आई, जिच्या टेबलावर आपण बसलो नाही.

आता जे म्हणतात की हे एक घर चुकलं, बाकी सगळं आलबेल आहे, त्यांना एक सांगते. पेपरात पोरांच्या हातात चाकू, पोरांच्या हातात बंदूक अशी बातमी आली की आपण म्हणतो, ती पोरं वेगळी, ती घरं वेगळी. वेदांतच्या घरी रोज शुभंकरोती व्हायची. तेव्हा हे वेगळं-बिगळं सोडा. या देशातही वाद चालू आहे. कुणी म्हणतं, हत्यारं घरी नकोतच, क्लबात एकत्र ठेवा. क्लबवाले म्हणतात, सगळी एका जागी ठेवली तर एका चोरीत सगळी जातील. आमचा मोहन घरी हेच ऐकवतो. मी त्याला म्हणते, मोहन, चोराची भीती मला नंतर सांग, आधी मला आपल्या घरातल्या पोराची वाटते. गेनाऊ, अगदी बरोबर बोलते आहे मी! मोहन, तू तोंडात पुटपुटू नकोस, मला इथून दिसतंय.

म्हणून चहानंतरच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. खंडेनवमीला खरं हत्यार कुणाच्याही पाटावर येणार नाही, मंडळात नाही आणि घरीही नाही. देवाला चित्र चालतं. ज्यांच्याकडे परवान्याची हत्यारं आहेत त्यांनी कपाटाचं कुलूप असं घ्यायचं की ते उघडायला घरातल्या दुसऱ्या कुणालाही जमणार नाही, बायकोलासुद्धा नाही. कुणाला हे जास्त वाटत असेल तर त्यानं उभं राहून, सगळ्यांदेखत, माझ्या तोंडावर सांगावं. मी ठराव मागे घेणार नाही. यंदा पडला तर पुढच्या वर्षी मांडीन, तेव्हा पडला तर त्याच्या पुढच्या वर्षी. मोहनच्या कपाटाचं नवं कुलूप मात्र ठरावाची वाट बघणार नाही, ते उद्याच येतंय.

शशिकांतराव, तुम्ही मला बोलू दिलंत, मध्येच माईक काढून घेतला नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार. हॉल सजवणाऱ्या, डबे वाहणाऱ्या सगळ्यांचे आभार. कुमार, तुझ्या तोंडावर तुझी चूक बोलले आणि तू मान हलवून ऐकलंस, तुझेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द जड गेला असेल, तर आपली लतिका म्हणून पोटात घाला. जे ठरवून बोलले ते मात्र तसंच राहू द्या.

एक शेवटचं. कार्यकारिणीत ठरलं होतं की शाल अध्यक्षांच्या हस्ते द्यायची आणि वेदांतनं व्यासपीठावर येऊ नये, लोकांना अवघडल्यासारखं होईल. होऊ दे अवघडल्यासारखं. अध्यक्ष महाराज, तुमचा मान आज मी काढून घेते. निहार, ऊठ. वेदांत बाळा, तूही ऊठ. काय म्हणतोस? मराठीत बोलायची गरज नाही रे, नुसता ये. दोघांनी मिळून शाल घाला तिला. त्या सकाळी तिनं फोन लावला, म्हणून तुम्ही दोघं आज इथवर चालत येताय.