दार कुठे उघडतं

—नाही गं, त्या खुर्चीवर नको, तिचं एक चाक रुसलंय, वळलीस की थेट भिंतीत जाशील. इकडे ये, माझ्या शेजारी. आज पहिलाच दिवस ना? कळतंच. पहिल्या दिवशी सगळे माउस असाच धरतात, जसा काही तो चावणारच आहे. आणि सरांना घाबरायचं नाही बरं, ते ओरडत नाहीत, नुसता चष्मा काढून पुसतात. पुसायला लागले की समजायचं, आपलं काहीतरी भयंकर चुकलंय. मी कॉम्प्युटरवर पहिली खुर्ची काढली तेव्हा तर दोनदा पुसला — मी मिलिमीटर समजून आकडे टाकले, फाइल होती मीटरची, मी म्हटलं, सर, पडदा कोराच दिसतोय की, तर म्हणाले, बाई, तुम्ही खुर्चीच्या पायात उभ्या आहात, जरा मागे या. मागे येत येत आलो, बघतो तर काय, खुर्ची या कॉलेजपेक्षा उंच! बसणार कोण तिच्यावर? पण रेषा सरळ होत्या हो, ते सरांनीही मान्य केलं.

या वयात कशाला शिकते म्हणून बघतेयस ना? विचार की, सगळेच विचारतात. आमचे हे निवृत्त झाले आणि माणूस चोवीस तास घरात. मी भाजी चिरली की यांचं सुरू — अगं, एवढे मोठे तुकडे? म्हटलं, दुपारचं कुठेतरी जायला हवं, नाहीतर एक दिवस माझ्या हातून भाजीऐवजी भलतंच काही चिरलं जाईल. इथे फी कमी, पंखे चांगले, आणि वयाची अट नाही. घरी मात्र सांगितलंय, भरतकामाच्या वर्गाला जाते. कॉम्प्युटरवर घराचे नकाशे काढायला शिकते म्हटलं असतं तर हसले असते गं सगळे. मग काय, महिन्याला एक रुमाल बाजारातून आणते आणि दाखवते. हे म्हणतात, हात बसला हो तुझा! — हसू नकोस, सर बाहेर चहा पीत उभे आहेत, त्यांना ऐकू जाईल.

हा बघ, पडद्यावर हा छोटा दिवा दिसतो? हा लेअरचा, म्हणजे नकाशाच्या एकेका थराचा. भिंतींचा वेगळा, फर्निचरचा वेगळा. दिवा विझवला की सगळं फर्निचर गायब. घरी असं बटण असतं तर मी पहिल्यांदा कुणाचा दिवा विझवला असता, ते सांगायला नको.

हे? हे वर्गातलं नाही. हे आमचं घर आहे. म्हणजे व्हायचंय अजून. मुलगा बांधतोय, आम्ही दोघं आणि ती दोघं, सगळे एकत्र राहणार. गेल्या आठवड्यात त्याने घरच्या ग्रुपवर ही फाइल टाकली — सगळ्यांनी बघून घ्या, मग कंत्राटदाराला देतो. आता ही फाइल फोनवर उघडते का? कुणाच्याच उघडली नाही. पण सगळ्यांनी अंगठे पाठवले. आमच्या ह्यांनी तर दोन पाठवले. मीही पाठवला, खोटं कशाला बोलू. मग इथे येऊन उघडली. छान आहे गं घर. जिना छान, स्वयंपाकघर मोठं, ओट्याला खिडकी. आणि ही इथे आमची खोली, लिहिलंय बघ, ‘आई-बाबा’. मुलगा प्रेमळ आहे हो माझा, तसं काही नाही.

फक्त हे दार बघ. ही पाव चकतीसारखी रेषा आहे ना, ती दार कुठे फिरतं ते दाखवते. सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, दार आत उघडलं की ते ‘या’ म्हणतं, बाहेर उघडलं की ‘सरका’ म्हणतं. माणसांच्या खोलीचं आत, सामानाच्या खोलीचं बाहेर. सगळ्या घराची दारं आत उघडतात. जिमचंसुद्धा! आमचं तेवढं बाहेर. मी म्हटलं चुकलं असेल, म्हणून फिरवून बघितलं. मग आत पलंग ठेवला — आणि दार पलंगावर आपटलं. म्हणजे कुणीतरी माझ्या आधी पलंग ठेवून बघितला होता, कळलं का? बघितला, बसत नाही म्हणून खोली नाही वाढवली, दार फिरवलं. आणि खिडकी? आमच्या खोलीला नाहीच. शेजारी जिम मात्र ही एवढी! व्यायामाचं ते पट्ट्याचं मशीन आत्ताही आहे घरी, त्याच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. आता टॉवेलांना दोन खिडक्या आणि मला एकही नाही?

मला राग नाही आला. खरंच नाही. रात्रभर फक्त — जाऊ दे.

मग मी ही भिंत धरली आणि चार फूट सरकवली जिममध्ये. तिची एक खिडकी काढून आणली इकडे. आता फिरव दार. फिरव ना! बघ, आत उघडतं, पलंगालाही लागत नाही. मशीनही मावतं, मी ठेवून बघितलं, उगाच अन्याय नको. आज संध्याकाळी प्रिंट कंत्राटदाराकडे जाणार, उद्या पायाची आखणी. कंत्राटदाराचा नंबर आहे माझ्याकडे. त्यालाच गुपचूप पाठवली तर? मुलाला कळेल तेव्हा भिंत उभी असेल.

काय म्हणालीस? ग्रुपवर? छे गं! ...सगळ्यांसमोर? ...हं. गुपचूप फिरवलेलंच दार आहे म्हणा हे, त्यात आणखी मी गुपचूप भिंत फिरवायची. या वेळी चित्र करून टाकते, म्हणजे सगळ्यांच्या फोनवर उघडेल, अंगठेवाल्यांनाही दिसेल. फोन जोडलाय कॉम्प्युटरला. हे बटण. माझ्याच्याने नाही होणार, तूच दाब — अगं, दाबलंस? मी थांब म्हणणार होते!

...

आलाच त्याचा फोन. हॅलो? हो, बोल. ...कुठला ड्राफ्ट्समन? ...कुणी माणूस नाही लावला रे. मी काढलंय. ...मी म्हणजे मी. कॉलेजात शिकते. ...हो, भिंत मीच सरकवली. ...नाही, चुकून नाही. आणि दार बाहेर का होतं ते मला नको समजावू, पलंग ठेवून बघितलाय मी.

...हॅलो? ...अरे, बोल की.

नाही गं, कट नाही झाला. श्वास ऐकू येतोय त्याचा. तू जा आता, तुझ्या जागेवर बस — जा म्हटलं ना.