प्रिय नळधारक

(ग्रामपंचायतीचं ऑफिस. सभेला अर्धा तास आहे. गावाचं पाणी सोडणारे सहादेव आणि पाणीपुरवठ्याची नवी इंजिनिअर निकिता.)

सहादेव : म्हंजे तुमच्या एआयनं मला काढायचं ठरवलं. बावीस वर्सं वॉल फिरवतोय, अन् त्यानं मला बघितलंबी न्हाई.

निकिता : काका, तो ठरवत नाही, सुचवतो. महिनाभर वरच्या आळीला पाणी नाही, तुमच्या वेळेचा मेळ नाही. म्हणून म्हणाला, ऑटोमॅटिक वॉल्व्ह बसवा.

सहादेव : लई हुशार. महिन्याआधी वरच्या आळीला पानी यायचं का, हे सांगितलं त्याला?

निकिता : नाही. पण यायचं.

सहादेव : मग नवीन काय झालं? मी तोच, वॉलबी तोच.

निकिता : नवीन म्हणजे... माझा मेसेज.

सहादेव : व्हय. ‘प्रिय नळधारक, आपल्या नळास पाणी आले आहे.’ मोबाईल वाजला की सगळी खालची आळी उठती अन् नळाला मोटारी लावती. चढावरच्या बनुबाईच्या नळाला नुसती हवा. तीबी प्रिय नळधारकच.

निकिता : मोटारी आधी नव्हत्या?

सहादेव : हुत्या की. पन मी पाचलाच सोडायचो, गाजावाजा न करता. वरच्या आळीला तेवढं ठावं. खालचे साडेसहाला उठंस्तवर बनुबाईचे हंडे भरलेले. आता गुडघे धरून बोअरवरनं कळशी वाहती, अन् मला बघून तोंड फिरवती. ते लागलं मला.

निकिता : थांबा, हे सगळं लिहिते त्याला. चढ, मोटारी, पाच वाजता... हं. म्हणतोय, पाणी पुरेसं आहे, सगळे एकदम ओढतात. आधी मेसेज बंद करा.

सहादेव : आरं वा. पहिल्या दिवशी मी हेच म्हनलो हुतो. पन मला चार्जिंग लागत न्हाई ना, कोन ऐकतंय.

निकिता : तुम्हाला काढायचा प्रस्ताव मागे घेते.

सहादेव : घ्या. पन एवढं शहाणं यंत्र, त्याला एकदाबी सुचलं न्हाई का, रोज पानी सोडतो त्याला इचारा म्हनून?

निकिता : सुचलं होतं. पहिल्याच दिवशी विचारलं त्यानं, पाणी सोडणाऱ्याशी बोललात का.

सहादेव : मग?

निकिता : मी ‘हो’ लिहिलं, काका.