गेटपासवरचा चेहरा

माझं माहेर वर्ध्याकडचं, भाऊ. लग्न होऊन भिलाईत आली तं हे प्लांटात क्लार्क, सेक्टरातलं क्वार्टर, अन् बाथरूमच्या दाराले आतून काळा पडदा! मले वाटलं, हा माणूस आतमधी नाही नाही ते करते का काय. तं हे घरीच फोटो धुवत. मी चिडचिड करू, आंघोळीले जागा नाही अन् बादलीत यायनं काढलेले फोटो पोहून राहिले.

पण काय सांगू तुमाले, साऱ्या कॉलनीचे फोटो काढले या माणसानं, अन् स्वतःचा एकही नाही. गेले तवा हार घालाले फोटो सापडेना, शेवटी प्लांटाच्या गेटपासवरचाच मोठा करून आणला. पाहा कसे दिसतात, चोरी करताना पकडल्यासारखे. रोज तसं पाहावं लागे अन् खरं सांगते, मले राग ये.

मग एक दिवस पेटीतला कॅमेरा काढला, रोल गुंडाळाची किल्ली फिरवली तं घट्ट लागली, आत रोल तसाच. तवा आठवलं, हे रिटायर झाले त्या दिवशी म्या म्हटलं होतं, द्या इकडं, एक मी काढते. मग हे आजारी पडले, रोल राहून गेला. वंदना, माझी पोरगी, म्हणे आई छोड ना, इतना पुराना रोल, काही येणार नाही. म्या म्हटलं, न येवो, पण मी धुवूनच पाहीन. रोल धुवाचं औषध तिलेच मोबाइलवरून मागवाले लावलं.

आधी यायचा रोल काढून ठेवला अन् हात बसवाले नवा रोल घेऊन गल्लीतले फोटो काढले, तेवढी अक्कल होती. बाथरूममधी लाल बल्ब लावला, कावून का हे लाल बल्बमधीच काम करत, म्या पाह्यलं होतं. सारा रोल काळाकुट्ट! कॅम्प-1 वस्तीतल्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे घेऊन गेली तं त्यायनं कपाळाले हात लावला, भाभी, लाल बत्ती कागज के लिए है, फिल्म को तो घुप अंधेरा चाहिए. आता रोल धुवाच्या डब्बीत भरताना हे मले आत येऊच देत नव्हते, मले काय माहीत?

घरी आली, बल्ब काढूनच टाकला. मे महिना, दाराच्या फटीत साड्या कोंबल्या, वरून रजई घेतली अन् चाचपून चाचपून यायचा रोल डब्बीत भरला. घाम डोळ्यात जाऊन राहिला, वंदना बाहेरून ओरडून राहिली, आई मरशील. म्या म्हटलं मरत नाही, तू माठातलं पाणी आण. नळाचं पाणी इथं उन्हाळ्यात हात भाजते, औषधाले थंडच लागते.

अर्धा रोल धुरकट निघाला. पण तो फोटो आला, भाऊ! माझा हात हललाच होता, अन् हे सरळ धर, सरळ धर म्हणून हात करून हसून राहिले. फिल्मवर सारं उलटं, दात काळे अन् मिशी पांढरी, तरी मले लगेच ओळखू आले. तिथंच ओल्या फरशीवर बसून रडली मी.

आता कागदावर काढाचा आहे. यायची फोटो मोठा कराची मशीन माळ्यावरून उतरवली, लाल बल्ब पुन्हा लावला. कागद बिघडून राहिले, बिघडू द्या, मी सोडत नाही. गेटपासवरचा हार काढूनच ठेवला. तुमी चहा संपवा अन् त्या खिडकीपाशी बसा, एक तुमचाही काढते. हसा ना जरा, हा गेटपासवाला चेहरा नको.