मागल्या आणि आप्पांचा खिळा

दोष गणूआप्पांचा. सुरुवातीलाच नाव घेतो, म्हणजे शेवटी कुणी भुताच्या माथी मारायला नको. म्हाताऱ्यांनो, तुम्हीही ऐका. खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या.

तर ऐका. आंबेखोरीचा ज्योतिराम ढोलकी वाजवायचा. बाप गेला तेव्हा त्याच्या वाट्याला बापाची ढोलकी आली आणि चुलता आला, म्हणजे हे गणूआप्पा. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकणारे. बैल संपले तसे आप्पा भुतं बांधायला लागले. हातात हातोडी तीच, खिळे तेच.

ज्योतिरामकडे एक जुनी पिकअप होती. बोगदा खणणाऱ्या कंपनीनं मोडीत काढलेली, परदेशी बनावटीची. क्लच नाही! गिअर आपोआप पडायचा. गावाला ते बघूनच कापरं. "पाय न लावता गिअर कोण टाकतंय रं?" म्हणायचे. कोण टाकणार? गिअरपेटी टाकते. पण पेटीवर विश्वास ठेवेल ते गाव कसलं!

सहा महिने गाडी झुळझुळ चालली. मग एका अवसेनंतर हाणायला लागली. गिअर बदलला की धाड! हौद्यात कुणी पोतं टाकावं तशी. मान पुढं, मान मागं.

आप्पा लगेच म्हणाले, "मागल्या हाय त्यो."

मागल्या ठाऊक आहे ना? खापरीच्या घाटातला. जिवंतपणी हमाल होता म्हणतात, ओझ्याखाली मेला. आता येणाऱ्याजाणाऱ्या गाडीवर मागून उडी मारून बसतो. ओळखीच्या आवाजात हाक मारतो. मागं बघितलं की संपलं.

"पण आप्पा," ज्योतिराम म्हणाला, "मागल्या घाटात बसतो. ही तर बाजाराच्या सपाट रस्त्यावर पण हाणतीय."

"लई शाणा झालास."

शहाणा नव्हता, पण त्याला कान होता. ढोलकीवाल्याचा कान! त्यानं गाडी नुसती ऐकली. धाड कधी होते? सपाटीला, पाय हलका ठेवला तरी होते. गिअर उशिरा पडतो, इंजिन ओरडतं, मग धाड. चढाला गाडी जशी ताणून हाणेल, तशी ही रिकामी, सपाटीला हाणत होती. तालात चुकणाऱ्या माणसासारखी नाही, वेगळाच ताल धरून बसलेल्या माणसासारखी.

त्यानं इंजिन तापवून पेटीची तेलकांडी ओढली. तेल लाल, स्वच्छ, जळका वास नाही. पातळी बरोबर. पेटीखालचे रबर बघितले, फाटलेले नव्हते. स्टँडवरचा इस्माईल मिस्त्री म्हणाला, "पेटी खोलावी लागेल." ज्योतिरामनं कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "खोलू नको येड्या. इंजिनापासून पेटीकडं एक रबरी नळी जाते, करंगळीएवढी. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवरनं पेटीला भार कळतो. नळीला भोक पडलं की ओढ जाते, मग पेटीला वाटतं गाडी कायम चढावरच हाय. मग हाणते. कान लाव, फुसफुस ऐकू येईल."

ज्योतिरामनं बोनेट उघडलं. नळीवर काळं कापड गुंडाळलेलं, त्यावर काळा दोरा. त्याला वाटलं कंपनीनंच गुंडाळलं असेल. तरी त्यानं विचारलं.

"आप्पा, खरं सांगा. बोनेटमधी काय केलंय का तुमी?"

"म्या? बोनेटला हात न्हाई लावला."

"बाबाच्या ढोलकीवर हात ठेवून सांगा."

आणि ऐका! आप्पांनी ठेवला हात. सख्ख्या भावाच्या ढोलकीवर. डोळ्यात डोळा घालून म्हणाले, "बोनेटला हात न्हाई लावला."

आता ढोलकीवर खोटं कोण बोलेल? ज्योतिरामनं बोनेट बंद केलं. कापड सोडवून बघितलंच नाही, इंजिन चालू करून कानही लावला नाही. पोरं अशीच फसतात. तुम्ही वडीलधारे म्हणता आणि आम्ही ऐकतो.

त्याच संध्याकाळी घाटापलीकडच्या जत्रेतून सोनाबाईचा निरोप आला. सोनाबाई म्हणजे तमाशाच्या फडाची मालकीण. तिचा ढोलकीवाला तापानं आडवा झाला होता. सकाळी हजेरी, म्हणजे सगळे फड एका मैदानात देवापुढं वाजवणार, आणि ढोलकीला माणूस नाही. "ज्योतिरामला म्हणावं ये. हजेरी वाजीवली तर फडात कायमचा."

कायमचा! पोराला याच्या पलीकडं काही नको होतं. बाप जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात वाजवत मेला होता.

"वळशाच्या रस्त्यानं जातो," तो म्हणाला.

"खापरीच्या घाटानं जा," आप्पा म्हणाले. "बंदोबस्त केलाय म्या मागल्याचा."

"कसला बंदोबस्त?"

"तुला काय करायचंय? जा म्हणतोय न्हवं."

गेला. ढोलकी शेजारच्या सीटवर, बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी खिशात. अंधार पडलेला. पूल ओलांडला. गिअर पडला. धाड!

'पेटी,' तो मनात म्हणाला. मागं बघितलं नाही.

घाट लागला. धाड! हौद्यावरची ताडपत्री फडफडली. वारा नव्हता बरं का.

'पेटी. नळी.'

दुसऱ्या वळणावर धाड झाली आणि गाडीचं बूड खाली बसलं. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले. ओझं चढल्यासारखे! इंजिन धापा टाकायला लागलं. मग केबिनच्या मागच्या काचेवर बोटं वाजली. टक, टक, टकटक. बापाचा ठेका! बाप लग्नात वाजवायचा तोच. 

पुढच्या वळणावर उतार होता, दरी होती, रस्त्यावर खडी सांडलेली. पेटीनं खालचा गिअर असा हाणला की मागची चाकं घसरली. गाडी आडवी! कठड्याच्या दगडाला घासून थांबली. चाकाखालचे खडे दरीत पडताना ऐकू येत होते. पडतच होते.

आता असं चालवणं म्हणजे मरणं. मागल्या असो नाहीतर नसो, ही धाड थांबायला हवी होती. त्यानं गिअरची दांडी पार्किंगच्या 'पी'वर टाकली, हातब्रेक ओढला, इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं तर फुसफुस कशी ऐकू येणार? बॅटरी दातात धरली, बोनेट उघडलं, कान लावला.

फुस्स्स.

काळ्या कापडातून.

त्यानं दोरा तोडला, कापड सोडलं. आत सुकून काळं पडलेलं लिंबू. लिंबातून नळीत आरपार ठोकलेला खिळा. चपट्या डोक्याचा, आखूड. बैलाच्या पत्रीचा खिळा! असे खिळे त्या मुलखात एकाच माणसाकडं होते.

ऐकलंत? आप्पांना ती नळी गाडीची शीर वाटली. भूत शिरेत शिरतं म्हणून शिरेत खिळलं! आधी खिळा, मग धाड. धाड खिळ्यानं आली, आणि आप्पांनी ती मागल्याच्या नावावर खपवली. आणि ढोलकीवर हात ठेवला.

ज्योतिराम रडला नाही. त्यानं खिळा उपसला, खिशात टाकला. भोकावर अंगठा दाबला. फुसफुस थांबली, इंजिनाचा सूर लागला. असा लागला म्हणता! मग खिशातली चिकटपट्टी काढून तो नळीवर घट्ट गुंडाळायला लागला. शेवटचा वेढा राहिला होता.

धाड!

हौद्यात.

गाडी उभी होती. दांडी 'पी'वर होती. पेटी गिअर बदलत नव्हती. मग काय वाजलं? सांगा ना, काय वाजलं?

मानेमागं, अगदी जवळून आवाज आला. "ज्योत्या." गणूआप्पांचा आवाज! आप्पा तर घरी घोरत होते.

'बघायचं नाही. मागं बघायचं नाही.'

"ज्योत्या. बोनेटला हात न्हाई लावला म्या."

तेच शब्द. तोच थंड सूर.

भीतीनं मागं वळणारे पुष्कळ झाले. ज्योतिराम संतापानं वळला. "खोटं बोलताय!" असं ओरडून गर्रकन वळला, आणि उजवा हात इंजिनाच्या फिरत्या पंख्यात गेला.

मागं कोण दिसलं ते त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हाताला शर्ट गुंडाळून तो कसाबसा केबिनमध्ये चढला. क्लचची गाडी असती तर तिथंच मेला असता. हिला एक हात पुरला. दांडी टाकली, पाय दाबला. गिअर कधी पडला ते कळलंसुद्धा नाही. एक धाड नाही! मागचे पाटे मात्र दबलेलेच होते. काचेवर बापाचा ठेका चालूच. डावा हात स्टिअरिंगवर, नजर समोर. खिंडीतल्या देवळाचा दिवा दिसला तेव्हा पाटे एकदम वर उचलले. कुणीतरी उतरलं. हलक्या पायानं, ओझं टाकून उतरावं तसं.

जत्रेच्या गावात लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं. दुपारी आप्पा आले. खाटेभोवती लोक जमलेले. ज्योतिरामनं डाव्या हातानं खिळा काढून उशीवर ठेवला.

"वळखला का आप्पा?"

आप्पांनी बघितलं. सगळ्यांनी आप्पांकडं बघितलं.

"ह्यो खिळा व्हता म्हणून जीव वाचला तुझा," आप्पा म्हणाले. "मागल्यानं बोटांवर भागवलं."

आणि लोकांनी माना डोलावल्या! एकानं आप्पांच्या पायाला हात लावला. आप्पांबरोबर इस्माईल मिस्त्रीही आला होता. त्यानंही मान डोलावली.

म्हणून सांगतो, खापरीच्या घाटानं रात्री जाऊ नका. जावंच लागलं तर मागं बघू नका. आणि निघताना घरातलं मोठं माणूस म्हणालं, 'जा, मी बंदोबस्त केलाय', तर आधी बोनेट उघडा. कापड दिसलं तर सोडा. ज्यानं बांधलं त्याच्यासमोर सोडा.

हजेरी त्या सकाळी दुसऱ्यानं वाजवली. ज्योतिरामची उजव्या हाताची दोन बोटं गेली. ढोलकी तो परत वाजवू शकला नाही.