ती शाल आणायला गेली होती

रंभाबाई : गादी उन्हात टाकाले उचलली, तं खालून हे पाकीट निघालं. आठ दिवसांपासून दबून आहे म्हणजे.

शुभांगी : ठेव तिथंच, आई.

रंभाबाई : ठेव काय? चिठ्ठी फोडली बी नाई का?

शुभांगी : फोडली. वाचली. मंग पुन्हा चिकटवली.

रंभाबाई : फोडलेलं पाकीट चिकटवते का कोणी? तुझ्या बाबाले वाटलं कंपनीचं बोलावणं आलं. दुकानात येईल त्याले सांगून राहिले, पोरीले जहाजावाल्याईनं पुन्हा बोलावलं म्हणून.

शुभांगी : बोलावणं मोबाइलवर आलं. वीस तारखेले मुंबईत हजर व्हाचं आहे. हे वेगळं आहे.

रंभाबाई : वेगळं म्हणजे? कोण्या माणसाचं आहे का? मी रागावत नाई. सांगून टाक.

शुभांगी : बाईचं आहे. एडिथ नावाची बाई आहे. ऐंशीच्या घरातली. माझ्या टेबलवर बसत होती.

रंभाबाई : मंग म्हातारीची चिठ्ठी गादीखाली कायले लपवते?

शुभांगी : लपवली नाई. ठेवली.

रंभाबाई : शुभा, वीस दिवस झाले तुले आंधळगावले येऊन. मी पाहून राहिली. जेव म्हटलं तं जेवते, झोप म्हटलं तं झोपते. परवा शेजारची मंगलाबाई आपल्या पोरीचं दुखणं सांगून रडून राहिली होती, अन् तू समोर बसून हसत होती.

शुभांगी : मी हसत होती?

रंभाबाई : हसत होती. अन् तिचा चहा अर्धा होता तरी कप उचलून नेला. ती गेल्यावर मलेच लाज वाटली.

शुभांगी : सवय आहे, आई. तिथं कोणी काही बी बोललं तरी तोंड तसंच ठेवावं लागते. मले कळलंच नाई.

रंभाबाई : दुखते का कुठी?

शुभांगी : नाई. कुठंच दुखत नाई. तेच तं आहे.

रंभाबाई : बस इथं. हे सूप घे, तांदूळ निवड माझ्यासंग. हाताले काम असलं तं तोंड उघडते. काय लिवलं त्या म्हातारीनं?

शुभांगी : तुले तिथलं माहीत नाई, तं समजणार नाई.

रंभाबाई : मले समजेल असं सांग. नागपूरले होटेलचा कोर्स कराले तुले मीच तं पाठवलं. तुझे बाबा तं तयारच नोहोते.

शुभांगी : जहाजावर मोठा हॉल राह्यते जेवाचा. आपलं मोहाडीचं लग्नाचं लॉन आहे ना, तसे तीन मावतील. एकाच वेळी सगळे मावत नाई म्हणून दोन पंगती. पहिली सहा वाजता, दुसरी साडेआठले. ज्याले जे टेबल भेटलं, ते शेवटच्या दिवसापर्यंत त्याचंच. अन् वाढणारे बी तेच.

रंभाबाई : म्हणजे तेच तेच लोक रोज तुझ्यापुढं?

शुभांगी : अकरा दिवसांची सफर होती. हे दोघं नवरा-बायको, वॉल्टर अन् एडिथ, खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलवर. तिसऱ्या दिवशी मले माहीत झालं होतं, का वॉल्टरले पावाची कडक कड चावत नाई. मी कापूनच आणत होती. एडिथचं पाणी बर्फाशिवाय. ती त्यांच्या ताटातले मटर उचलून घ्यायची. त्यांले मटर आवडत नोहोते, पण ते रोज मागवायचे.

रंभाबाई : तिच्यासाठी.

शुभांगी : हो. तिच्यासाठी. मले रोज विचारत होते, तुझं गाव कसं आहे. एडिथनं गावाचा पत्ता बी लिहून घेतला होता. मी सांगितलं धान आहे, तलाव आहेत. म्हणे तलावात मासे आहेत का. म्हटलं आहेत. तं म्हणे मंग तू इथं काय करून राहिली?

रंभाबाई : बरा माणूस दिसते.

शुभांगी : गेले ते. माझ्याच टेबलवर.

रंभाबाई : अगं माय! अन् तू आता सांगून राहिली? एवढे दिवस फोनवर 'मी बरी आहो, मी बरी आहो' म्हणत होती!

शुभांगी : बरीच होती मी.

रंभाबाई : कसं झालं?

शुभांगी : आठवा दिवस होता. एसीनं एडिथले थंडी वाजून राहिली. ती म्हणे मी खोलीतून शाल घेऊन येतो. मी म्हटलं कोणाले पाठवतो मॅडम, तं म्हणे नको, मले माझीच सापडते. गेली. तिचा गुडघा दुखायचा. खोली जहाजाच्या दुसऱ्या टोकाले, त्यात लिफ्टले गर्दी. मी दोघांच्याही जागेवर सूप ठेवलं. ते मले काही तरी म्हणाले. मी पलीकडच्या टेबलकडे वळली. परत पाह्यलं तं मान मागं टेकवून बसले होते. मले वाटलं डोळा लागला.

रंभाबाई : राम राम.

शुभांगी : डॉक्टर आले, दोघं-तिघं आले, पडदा धरला. आवाज नाई, धावपळ नाई. तिकडे बाकीचे लोक जेवून राहिले ना. चाकाच्या खुर्चीवर बसवलं अन् आमच्या मागच्या दारानं घेऊन गेले. सात-आठ मिनिटांत सगळं आटोपलं. मंग हेड वेटरनं मले खूण केली.

रंभाबाई : कायची खूण?

शुभांगी : टेबल नवीन लाव म्हणून. आमच्याकडं खुर्ची रिकामी झाली का टेबल साफ कराचं, विचारायचं नाई. मी लावलं. कपडा बदलला, काटे-चमचे मांडले, रुमालाची घडी करून उभी ठेवली. हात आपोआप चालतात, आई. तेवढ्यात समोरच्या दारातून एडिथ आली. शाल पांघरून.

रंभाबाई : तिले कोणी सांगितलं नोहोतं?

शुभांगी : खोलीवर फोन लावला होता. ती तिथून निघून गेली होती. कोणाले वाटलं नाई का ती इतक्यात परत हॉलमध्ये येईल. आली तं सरळ माझ्याकडे. अन् मी...

रंभाबाई : सांग ना.

शुभांगी : मी तिची खुर्ची ओढली. रुमाल मांडीवर टाकून देला. म्हटलं, वेलकम बॅक मॅडम. हसून.

रंभाबाई : तोंडातून निघालं ते.

शुभांगी : मंग तिनं समोरच्या खुर्चीकडे पाह्यलं अन् मले विचारलं, 'मले शोधाले गेले का ते?' मी म्हटलं, 'हो मॅडम.'

रंभाबाई : 'हो' म्हटलं तू?

शुभांगी : ती हसली. म्हणे, वेडा आहे, त्याले धीर नाई. पाच मिनिटं ती तशीच बसली होती दाराकडे पाहत. मंग ऑफिसर आला अन् तिले घेऊन गेला. साडेआठले दुसरी पंगत बसली. त्याच टेबलवर एक जोडपं होतं, त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. आमी सगळ्याईनं टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. मीही म्हटलं.

रंभाबाई : रडली नाई तू?

शुभांगी : नाई. वाटलंच नाई काही. मंग पुन्हा पुढची सफर, नवीन लोक. सहा वाजता, साडेआठले. सहा वाजता, साडेआठले. आता बी वाटत नाई. आपलं नाक झोंबते ना थंडीत, मंग बधिर होते, तसं सगळ्या अंगाचं झालं आहे.

(शुभांगीचे वडील ताराचंद दुपारचं दुकान बंद करून जेवायला आत येतात.)

ताराचंद : कोण झोंबलं? काय चालू आहे दोघी मायलेकींचं? अरे, ते पाकीट का! मी म्हणतच होतो, कंपनीचंच आहे.

रंभाबाई : कंपनीचं नाई जी. बसा जरा. हिच्या टेबलवर एक म्हातारा मेला, त्याच्या बायकोचं आहे.

ताराचंद : मेला? हिच्या हातून काही झालं का? जेवणात काही—

शुभांगी : नाई बाबा. हार्ट अटॅक होता.

ताराचंद : मंग बाई काय मागून राहिली? वकिलाची भाषा आहे का त्यात?

शुभांगी : नाई जी. हातानं लिहिलं आहे. अक्षर हलते.

रंभाबाई : वाचून दाखव. मराठीत.

शुभांगी : थांब, चिकटवलेलं फाडतो. ती म्हणते... 'तू मला सांगितलंस की ते मला शोधायला गेले. दोन महिने मी हेच धरून बसले आहे. कधी वाटतं, किती चांगलं, शेवटी ते माझ्याकडेच येत होते. पण बाकीच्या वेळी वाटतं, मी शाल आणायला गेले नसते, लिफ्टसाठी थांबले नसते, तर ते उठले नसते, चालले नसते, त्यांच्या हृदयाला ताण पडला नसता. डॉक्टरांनी बाकी सगळं सांगितलं. ही दहा मिनिटं कोणालाच माहीत नाहीत. तू तिथं होतीस. ते किती दूरपर्यंत आले होते?'

ताराचंद : किती दूर म्हणजे?

रंभाबाई : म्हणजे तिले वाटते तिच्यामुळं मेला.

ताराचंद : मंग ते खरंच उठून गेले होते का?

शुभांगी : नाई उठले. खुर्चीतच गेले. मी खोटं बोलली, बाबा.

ताराचंद : हे पाह्य, शुभा. झालं ते झालं. तू काही लिहू नको. तिकडचे लोक कागद कोर्टात नेतात. अन् कंपनीचा काही नियम असेलच.

शुभांगी : आहे. पाहुण्यांसंग असल्या गोष्टीचं परस्पर बोलायचं नाई. कळलं तं पुढच्या वेळी घेणार नाईत.

ताराचंद : मंग? चार वर्ष झाले तुले चढून चढून वेटर व्हाले. ताटं धुण्यापासून सुरू केलं. एका चिठ्ठीपायी सगळं सोडते का? ती म्हातारी तिकडे समुद्रापार, आज ना उद्या विसरेल.

रंभाबाई : विसरेल म्हणता? तुमची बहीण गेली त्या दिवशी तुम्ही बपेऱ्याले बाजारात होते. अजून म्हणता, मी लवकर आलो असतो तं.

ताराचंद : ते वेगळं आहे.

रंभाबाई : कायचं वेगळं?

ताराचंद : वाढ तू जेवाले.

रंभाबाई : बोला ना.

ताराचंद : लवकर आलो असतो तं तिले जीप करून भंडाऱ्याले नेलं असतं. एवढंच म्हणतो मी.

रंभाबाई : बावीस वर्ष झाले म्हणून राहिले तुम्ही. कोणी तुम्हाले सांगितलं असतं, का तुम्ही आले असते तरी ती वाचत नोहोती, तं?

ताराचंद : कोणाले माहीत होतं सांगाले.

रंभाबाई : हिले माहीत आहे.

शुभांगी : आई, तिले ते आवडून बी राहिलं आहे ना. ते तिच्याकडेच येत होते, हे. ते बी मी काढून घेऊ का? एवढं एक तं राह्यलं आहे तिच्यापाशी, अन् ते बी मी देलेलं खोटं.

रंभाबाई : मघा तू म्हणाली, सूप ठेवलं तेव्हा ते तुले काही तरी म्हणाले. काय म्हणाले?

शुभांगी : काही नाई. साधंच.

रंभाबाई : साधं तं साधं. काय?

शुभांगी : म्हणे, 'तिचं झाकून ठेव. तिले गरमच लागते.'

रंभाबाई : अन् झाकलं तू?

शुभांगी : झाकलं. वरून प्लेट ठेवली. मंग टेबल साफ करताना... ते बी उचललं. आत नेऊन ओतून देलं. भरलेलं होतं, आई. गरम होतं. हाताले चटका बसला होता मले.

ताराचंद : रडू दे तिले. पाणी नको देऊ आत्ताच. रडू दे.

रंभाबाई : मी कुठी देऊन राहिली. रड वो. रड माय.

शुभांगी : मी तिच्या समोर हसली, आई. खुर्ची ओढून देली अन् हसली.

रंभाबाई : हो. ते झालं. ते कोणी पुसू शकत नाई. पण त्या माणसाचे बोल तुझ्यापाशी राहून गेले, ते तुझे नाईत. ते तिचे आहेत. तिचे तिले दे.

शुभांगी : अन् खोटं बोलली ते?

रंभाबाई : ते बी लिव. नाई तं ती हे बी खरं कशी मानेल?

ताराचंद : इंग्रजीत लिहाचं तं साध्या कागदावर नको लिहू. दुकानात चांगला पॅड आहे, रेघा नसलेला. आणतो.

शुभांगी : बाबा, अन् कंपनीनं नाई घेतलं पुन्हा तं?

ताराचंद : तं नाई घेतलं. दुसरे होटेल नाईत का? जेवून घेतो अन् पॅड आणतो. नाई, आधी पॅड आणतो.

रंभाबाई : पाह्यलं? चप्पल बी उलटी घालून गेले.

शुभांगी : आई, सुरू कसं करू? तिथं आमी फक्त मॅडम म्हणतो.

रंभाबाई : तिनं खाली काय लिवलं?

शुभांगी : नुसतं एडिथ.

रंभाबाई : मंग तसंच. अन् पहिल्याच ओळीत सांगून टाक, का ते उठले नोहोते. तिले दुसऱ्या ओळीपर्यंत बी थांबवू नको.

शुभांगी : पाकिटाच्या मागंच लिहून पाहतो आधी. 'एडिथ, ते खुर्चीतून उठले नव्हते. तुम्ही शाल आणायला गेल्यामुळे काहीही झालं नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले.' ...इतकं बस आहे का?

रंभाबाई : तूच सांग.

शुभांगी : नाई. अजून आहे.

रंभाबाई : तं लिव. सैपाकाचं मी पाहतो.