एकेचाळीस क्रमांकाच्या झाडाभोवतीचं सिमेंट

समारंभाचे आणि आपल्या चर्चच्या पंचमंडळाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला जमलो ते आपले पाळकसाहेब, त्यांच्या शेजारी मघापासून घड्याळाकडे पाहणाऱ्या पाळकीणबाई, आणि मंडळीतल्या बंधुभगिनींनो,

पंचमंडळाने मला पाच मिनिटं दिली आहेत. मी वार्ताहर, मोठं दुःख अर्ध्या रकान्यात बसवणं हा माझा धंदाच आहे. तरुणपणी संस्कृत शिकलो, म्हणून पाळकसाहेब मला पंडित म्हणतात, आणि या मंडळीत कुणाला जड शब्द लागला की तो माझ्याकडून उसना नेतात. परत कुणी आणून देत नाही, हे आज चारचौघांत सांगून ठेवतो.

पाळकसाहेब इथे बावीस वर्षं होते. तेवढ्या काळात त्यांनी एकच नवी रीत पाडली. बाप्तिस्मा झाला की त्या लेकरासाठी चर्चमागच्या आवारात एक रोप लावायचं आणि नोंदवहीतला क्रमांक पत्र्याच्या तुकड्यावर रंगवून त्याला अडकवायचा. ते विचारायचे, "देवाने पहिल्या माणसाला पहिलं काम कोणतं दिलं? बाग राखायचं. प्रवचनं नंतर आली." हे ते प्रवचनातच सांगायचे, आणि ते प्रवचन पाऊण तास चालायचं, ही गोष्ट वेगळी.

एकेचाळीस क्रमांकाचं रोप माझ्या धाकटीचं. सात वर्षांची असताना ती गेली. तुम्ही सगळे आला होतात. तेव्हा आभार मानायचे राहिले, ते आज मानतो.

चार वर्षांपूर्वी गाड्या लावायला जागा कमी पडू लागली. मी पंचमंडळाचा चिटणीस. ठराव मीच लिहिला. 'आवाराचे सुशोभीकरण व वृक्षांचे सुयोग्य नियोजन.' असं वाक्य समोर आलं की हात आपोआप वर जातात. माझाही गेला.

पाळकसाहेबांनी विचारलं, "पंडित, नियोजन म्हणजे तोडायचीच ना?"

"हो."

"मग तसं लिहा की."

मी लिहिलं नाही.

"एकेचाळीससुद्धा?"

"क्रमांक बघून कसं चालेल, साहेब?"

हे मी कसं म्हणू शकलो, असं माझ्या बायकोने मला नंतर विचारलं. खरं सांगायचं तर त्यासाठी काही धैर्य लागलं नाही. आत काही हललंच नाही. तेव्हा हललं नाही, आणि अजूनही फारसं हलत नाही.

एक झाड तेवढं राहिलं, कारण त्याची सावली अध्यक्षांच्या गाडीवर पडत होती. आपण हसलात, अध्यक्षसाहेब, बरं वाटलं. ते एकेचाळीस होतं. सिमेंट त्याच्या बुंध्याला चिकटेपर्यंत ओतलं गेलं. दोन वर्षांत शेंडा वाळला. आणि मग एक नवल झालं: बुंध्याभोवतीचं सिमेंट फुटू लागलं.

पंचमंडळाला झाडाची काळजी वाटली, असं समजू नका. आम्हाला सिमेंटची काळजी वाटली. मी ठेकेदाराला पत्र लिहिलं. 'निकृष्ट' हा शब्द त्यात तीनदा होता. ठेकेदार आला, उकिडवा बसला, तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, हे फुटलेलं नाही. कुणीतरी फोडलंय. पहारीने. आणि अगदी बेताबेताने."

पाळकसाहेब चहाचा कप घेऊन मागेच उभे होते. "मीच तो. दर शनिवारी सकाळी, चार-चार बोटं."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा ठराव केला असता."

ठेकेदाराने तेवढ्यात विचारून घेतलं, "म्हणजे तक्रार मागे ना?" मी ती मागे घेतली. साध्या मराठीत, एका ओळीत.

आता स्थिती अशी आहे. तीन बाजू मोकळ्या झाल्या. पाणी मुरतं, त्या बाजूंना पालवी आहे. भिंतीकडची बाजू अजून बंद आहे आणि तिकडच्या फांद्या वाळलेल्याच आहेत. ती मोकळी झाली नाही तर झाड जाईल, असं पाळकसाहेब म्हणतात. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, आणि उद्या सकाळी ते निघालेत.

गेल्या शनिवारी त्यांनी मला आवारात बोलावलं आणि पहार पुढे केली.

मी म्हटलं, "साहेब, मी त्या झाडासाठी प्रार्थना करीन."

"ती मी तिकडे बसूनही करीन. तुम्ही हे धरा."

"पण मला हल्ली काही वाटतच नाही, साहेब."

"वाटायला हवं असं कोण म्हणालं? पाण्याला वाट करून द्यायची आहे."

धाकटी गेल्यापासून मला पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं. इतकं कमी कुणी मागितलं नव्हतं. पहार जड आहे. मी घरी नेली. बायकोने ती दारामागे उभी केली.

पाळकसाहेब, आपल्या या वार्ताहराकडे आपल्यासाठी मोठा शब्द नाही. होते ते ठरावात खर्ची पडले.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्या मंडळींचे आभार. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर पोटात घालावं. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता चर्चमागून ठोकण्याचा आवाज येईल. त्याबद्दल शेजाऱ्यांची आजच क्षमा मागून ठेवतो. अध्यक्षसाहेबांनी त्या दिवशी गाडी मात्र जरा पुढे लावावी.